रंग उडतो, नोंद उरते
रायगड किनाऱ्यावरच्या हिरव्या कोळ्यांची कागदोपत्री ओळख

पावसाळा ओसरू लागला की अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये कोळ्यांचा हंगाम सुरू होतो. पावसात माजलेली झुडपे, त्यांवर पोसलेले किडे आणि त्या किड्यांवर जगणारे कोळी ही साखळी भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत ऐन भरात असते. पोफळीच्या रांगांमध्ये, जास्वंदीच्या कुंपणावर, मिरवेलीच्या पानांआड चक्राकार जाळी दिसू लागतात. त्यांतली बहुतेक करड्या-तपकिरी कोळ्यांची असतात, काही मात्र हिरव्यागार कोळ्यांची. असा कोळी दिसला की पाहणारा दोन प्रश्न हमखास विचारतो. हा विषारी आहे का? आणि याचे नाव काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. आपल्या वाड्यांतल्या या हिरव्या कोळ्यांपासून माणसाला भिण्याचे कारण नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अडीचशेहून अधिक वर्षांच्या कागदपत्रांत विखुरले आहे. स्टॉकहोम, क्राकोव्ह, पॅरिस, लंडन, कोलकाता, पुणे आणि टोकियो इतक्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय ते हाती लागत नाही. त्या नोंदी तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हिरवा रंग हा या प्राण्याबद्दलचा सर्वांत ठळक पुरावा आहे आणि सर्वांत कच्चाही तोच आहे.

वाडीतले हिरवे

कागदांकडे वळण्याआधी जिवंत प्राणी नीट पाहून घ्यायला हवा. कोकणच्या बागांत आणि रानाच्या कडेला हिरवे दिसणारे कोळी एका कुळातले नाहीत. नजरेला सारखे वाटणारे निदान चार वेगळे गट इथे भेटतात.

त्यांतला ज्याच्याभोवती हा लेख फिरतो तो बिजोअरेनिअस मिटिफिकस. मादी जेमतेम एक सेंटिमीटर लांब, नर त्याहून लहान. पाय आणि उदराच्या बगला हिरवट, उदराची वरची बाजू पांढुरकी. त्या पांढऱ्यावर पुढच्या टोकाला एखाद्या जाड मिशीसारखी आडवी काळसर खूण. याचे जाळे उभे आणि गोल असते, पण निरखून पाहिले तर त्यातला एक भाग रिकामा आढळतो. दोन आऱ्यांमधली ती मोकळी जागा म्हणजे तुटफूट नव्हे. तिथून एकच ताणलेला धागा निघतो आणि जवळच्या वळवलेल्या पानात शिरतो. कोळी दिवसभर त्या पानात पोट टेकून बसतो आणि पुढचा एक पाय धाग्यावर ठेवतो. जाळ्यात माशी अडकली की थरथर धाग्यावरून थेट पायापर्यंत येते. म्हणून जाळे दिसले आणि कोळी दिसला नाही, तर जाळ्याच्या मध्यावर न शोधता त्या धाग्याच्या मागोमाग पानापर्यंत जावे.

दुसरा गट निओस्कोना या वंशाचा. हे कोळी बहुधा करडे-तपकिरी असले तरी त्यांच्यात रंगाचे फरक फार आढळतात आणि काहींची झाक हिरवी असते. यांतले बरेच जण संध्याकाळी जाळे विणतात आणि उजाडताना आवरून टाकतात. त्यांची पक्की खूण शिरोवक्षाच्या वरच्या बाजूला असते. तिथली मधली खाच लांबट, शरीराच्या लांबीच्या दिशेने गेलेली असते. जवळच्या अरेनिअस वंशात हीच खाच आडवी असते.

तिसरा गट ल्युकॉजचा. याचे उदर चंदेरी आणि पाय हिरवट, म्हणून उन्हात तो हिरवा भासतो. जाळे तिरपे किंवा जवळजवळ आडवे असते आणि कोळी त्याच्या मध्यावर पोट वर करून लटकलेला असतो. चौथ्या जोडीच्या पायाच्या मांडीवर लांब, नाजूक केसांच्या दोन ओळी असतात. साध्या भिंगातूनही त्या ओळखू येतात.

चौथ्या गटाला जाळेच नाही. प्यूसेटिया व्हिरिडाना हा हिरवा कोळी पानांवर दबा धरून भक्ष्यावर झेप घेतो. त्याच्या पायांवर ठसठशीत उभे काटे असतात आणि डोळ्यांची मांडणी षट्कोनी असते. फोटोत मागचे जाळे न दिसल्यामुळे त्याला इतरांच्या रांगेत बसवले जाते. प्रत्यक्षात त्याचा या जाळेवाल्यांशी जवळचा संबंध नाही.

या चौघांना हिरवेपणाखेरीज एकत्र बांधणारे काही नाही. तरीही नजर आधी रंगावर जाते आणि नावही रंगावरूनच दिले जाते. अभ्यासकांचीही नजर एके काळी तशीच फसली होती. युरोपातला एक लेखी दाखला ते दाखवून देतो.

1757 ते 1905: एका नावाखाली दोन प्राणी

कोळ्यांच्या शास्त्रीय नावांचा इतिहास स्वीडनमध्ये सुरू होतो. स्टॉकहोममध्ये सरकारी कर खात्यात काम करणाऱ्या कार्ल क्लार्क यांनी 1757 साली स्वीडनच्या कोळ्यांवर एक ग्रंथ छापला. मजकूर स्वीडिश आणि लॅटिन अशा दोन भाषांत होता आणि चित्रे हाताने रंगवलेली होती. साठहून अधिक कोळ्यांना त्यांनी दोन शब्दी नावे दिली. प्राण्यांच्या नामकरणाचा आरंभ 1758 सालच्या लिनिअसच्या ग्रंथापासून मोजला जातो, पण कोळ्यांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय नियमावलीने क्लार्क यांच्या पुस्तकाला अपवाद म्हणून मान्यता दिली. त्यातली नावे लिनिअसच्या नावांवरही मात करतात. म्हणून कोळ्यांच्या संदर्भात 1757 हे साल दिसले की ते छपाईची चूक समजू नये.

या ग्रंथात एका छोट्या हिरव्या जाळेवाल्या कोळ्याचे वर्णन आहे. आज त्याला अरेनिएला कुकुर्बिटिना म्हणतात. पिवळसर हिरवे उदर, कडेने काळे ठिपके आणि तंतू निघतात त्या टोकाच्या वर एक लाल डाग. इतक्या ठसठशीत खुणा असलेला प्राणी दुसऱ्या कोणाशी गल्लत होण्याजोगा कोणालाच वाटला नाही. पुढे पिढ्यान् पिढ्या युरोपातल्या बागांत आणि रानांत असा हिरवा कोळी दिसला की हेच नाव लिहिले गेले.

1905 साली क्राकोव्हमधल्या व्लादिस्लाव कुल्चिन्स्की यांनी दाखवून दिले की या एका नावाखाली निदान दोन वेगळे प्राणी आहेत. दुसऱ्याला पुढे अरेनिएला ऑपिस्थोग्राफा हे नाव मिळाले. रंग तोच, ठिपके तेच, लाल डागही तोच. फरक होता मादीच्या पोटाखालच्या जननद्वाराच्या कठीण कवचात, ज्याला एपिजाइन म्हणतात, आणि नराच्या तोंडाजवळच्या पाल्प या जोड-अवयवांत. हे भाग सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतात. आजही युरोपातला जाणता निरीक्षक नुसत्या डोळ्यांनी या दोघांना वेगळे करण्याचा दावा करत नाही.

इतिहास लिहिणाऱ्याला या प्रकरणातून एक सक्त नियम मिळतो. 1757 ते 1905 या 148 वर्षांत कुकुर्बिटिना या नावाने झालेली नोंद, तिच्यामागचा नमुना जपला गेला नसेल, तर दोघांपैकी कोणाचाही पुरावा म्हणून वापरता येत नाही. नोंद खोटी ठरत नाही. तिची पोच वंशापर्यंत आहे, जातीपर्यंत नाही, एवढेच ठरते. या कोळ्यांची पिल्ले शरद ऋतूत लालसर-तपकिरी असतात आणि वसंतात हिरवी होतात हेही लक्षात घेतले, तर रंगाचा पुरावा आणखी ढासळतो. एकच प्राणी दोन रंगांत, आणि दोन प्राणी एकाच रंगात.

स्पिरिटच्या बाटलीत हिरवा रंग राहत नाही

भारतातल्या कोळ्यांवरचे सुरुवातीचे मोठे लेखन कोलकात्यातून झाले. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागातले पुराजीवशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिझ्का यांनी 1869 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय कोळ्यांवर दीर्घ निबंध लिहिला. वर सांगितलेला जाळे न विणणारा हिरवा कोळी, प्यूसेटिया व्हिरिडाना, शास्त्राच्या दप्तरी आला तो याच निबंधातून. त्याआधी 1864 साली जॉन ब्लॅकवॉल यांनी पूर्वेकडून आलेल्या कोळ्यांची वर्णने इंग्लंडमध्ये छापली होती. आपला चंदेरी-हिरवा ल्युकॉज डेकोराटा त्यांत आहे.

मिशीवाल्या हिरव्या कोळ्याची पहिली नोंद मात्र भारतातली नाही. कंबोडियाच्या टपाल खात्यात अधिकारी असलेल्या ऑग्युस्त पावी यांनी सयाम, कंबोडिया आणि कोचीनचीन या भागांत कोळी गोळा केले आणि ते पॅरिसला पाठवले. एझेन सायमन यांनी 1886 साली त्यांचा अभ्यास छापला. त्यात एपेइरा मिटिफिका हे नाव पहिल्यांदा येते. ज्या प्राण्याला रायगडच्या वाडीत आपण शेजारी समजतो, त्याचा जन्मदाखला असा दूरच्या मुलखात तयार झाला. भारतापासून फिलिपिन्स आणि न्यू गिनीपर्यंत त्याचा वावर असल्याने यात अघटित काही नाही.

या सर्व लेखकांच्या कामात एक अडचण समान होती. कोळ्याचे अंग मऊ असते. फुलपाखरासारखे टाचणीवर वाळवले तर ते आक्रसते, म्हणून तो अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. अनेक हिरव्या कोळ्यांमधले हिरवे द्रव्य पित्तातल्या बिलिव्हर्डिनच्या नात्यातले असते. युरोपातल्या मायक्रोमाटा या कोळ्यात ते रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे काढून अभ्यासले आहे. अल्कोहोलमध्ये हा हिरवा रंग टिकत नाही. बाटली महिन्याभराने उघडली तर आत पिवळट-पांढुरका प्राणी असतो. पॅरिसला किंवा लंडनला बसून जो शास्त्रज्ञ वर्णन लिहीत असे, त्याच्या टेबलावर हा फिका प्राणी येई. संग्राहकाने चिठ्ठीवर जिवंतपणीचा रंग लिहून ठेवला असेल तरच मूळ रंग कळणार.

जुनी वर्णने वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते. कागदावर ‘पिवळट’ असे लिहिले असेल, तर तो रानातला रंग आहे की बाटलीतला, हे आधी ठरवावे लागते. हिरवा रंग नोंदलेला नसणे हा प्राणी हिरवा नसल्याचा पुरावा ठरत नाही. याच कारणाने जाणत्या अभ्यासकांनी अल्कोहोलमध्ये टिकणाऱ्या कठीण भागांवर भर दिला: डोळ्यांची मांडणी, पायांची लांबी, काटे, एपिजाइन, पाल्प.

मुंबईची मंडळी आणि लंडनचा ग्रंथ

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. मीठ आणि जकात खात्यात काम करणारे ई. एच. एटकेन हेही संस्थापकांपैकी. 1886 पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. कोकणच्या जीवसृष्टीचा लेखी इतिहास शोधणाऱ्याला त्या अंकांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

या संस्थेचा लंडनशी असलेला दुवा नावांतूनच सिद्ध होतो. ब्रिटिश म्युझियममधले आर. आय. पोकॉक यांनी 1893 साली एका विंचवाला संस्थेचे सचिव एच. एम. फिप्सन यांच्यावरून, आणि 1899 साली एका बिळात राहणाऱ्या मोठ्या कोळ्याला डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यावरून नाव दिले. मिलार्ड पुढे फिप्सन यांच्या जागी सचिव झाले. ही नावे म्हणजे एक प्रकारची पोचपावतीच आहे. मुंबईतून नमुने गेले, लंडनला त्यांचा अभ्यास झाला आणि निष्कर्ष छापून परत आले. 1901 साली पोकॉक यांनी नव्या भारतीय अष्टपादांची वर्णने संस्थेच्याच नियतकालिकात दिली.

त्याआधी 1900 साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत त्यांचा 279 पानांचा खंड निघाला होता. भारतीय कोळी आणि विंचू यांच्यासाठी पुढची कित्येक दशके तोच आधारग्रंथ राहिला. त्यातल्या नोंदींची शिस्त पाहण्यासारखी आहे. आधी रंग, मग अवयवांची वर्णने, मग मिलिमीटरमधली मापे आणि शेवटी ठिकाण व नमुना देणाऱ्याचे नाव. ठिकाणाची ती शेवटची ओळ छोटी असते, पण जिल्ह्याचा इतिहास शोधणाऱ्याला सगळ्यात मोलाची तीच.

ग्रंथाचा उद्देश अखिल भारतीय असल्याने कोकण किनाऱ्याला त्यात वेगळी जागा नाही. हिरव्या कोळ्यांच्या बाबतीत पुढची ठळक भर पूर्व किनाऱ्यावरून पडली. ओडिशातल्या चिलिका सरोवरात बरकुडा नावाचे बेट आहे. तिथल्या कोळ्या-विंचवांवर एफ. एच. ग्रेव्हली यांनी 1921 साली इंडियन म्युझियमच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये लेख लिहिला आणि त्यात अरेनिअस व्हिरिडिसोमस या कोळ्याचे वर्णन केले. इथे रंग नावातच आला आहे. एकाच बेटावर लक्ष केंद्रित करून केलेले ते काम पश्चिम किनाऱ्यासाठीही नमुनेदार आहे.

‘कुलाबा’ म्हणजे नेमके कोणते?

नमुन्यावरच्या चिठ्ठीतले ठिकाण वाचणे सोपे वाटते. रायगडच्या बाबतीत ते सोपे नाही, आणि इथे प्राणिशास्त्राला महसुली इतिहासाची मदत घ्यावी लागते.

कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा 1869 साली झाला. पनवेल त्यात 1883 साली आले, कर्जत 1891 साली. त्याआधी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. माथेरान कर्जत तालुक्यात येते. त्यामुळे 1880 च्या सुमाराला माथेरानवर धरलेल्या कोळ्याच्या चिठ्ठीवर ‘ठाणे’ लिहिलेले असले तर ते बरोबरच आहे, आणि तो कोळी आजच्या रायगडचा आहे हेही बरोबर आहे. दक्षिणेकडे मुरूड आणि आसपासचा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. 1883 सालच्या गॅझेटियरचा अकरावा खंड म्हणूनच ‘कुलाबा आणि जंजिरा’ असा जोडनावाने निघाला. संस्थान 1948 साली विलीन झाले. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले 1981 साली.

याहून मोठी गल्लत एका अक्षराची आहे. मुंबई शहराच्या दक्षिण टोकालाही कुलाबाच म्हणतात आणि इंग्रजी चिठ्ठ्यांत दोन्ही नावांचे स्पेलिंग आलटून पालटून येते. एखाद्या जुन्या बाटलीवर फक्त कुलाबा लिहिलेले असेल, तर तो कोळी मुंबईच्या लष्करी छावणीच्या बागेतला की अलिबागच्या वाडीतला, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. संग्राहक कोण, त्या साली त्याची नेमणूक कुठे होती आणि त्याच तारखेच्या इतर चिठ्ठ्यांवर काय लिहिले आहे, हे पाहूनच निर्णय करावा लागतो. ‘बॉम्बे’ या शब्दाचेही तेच. तो शहरासाठी वापरला आहे की इलाख्यासाठी, हे संदर्भाने ठरते. म्हणून रायगडच्या कोळ्यांचे जुने दप्तर शोधणाऱ्याने रायगड हा शब्द शोधून उपयोग नाही. कुलाबा, जंजिरा, ठाणे आणि बॉम्बे या चार नावांखाली पाहायला हवे.

फणसाडचे उदाहरण घ्या. मुरूडजवळचे हे रान नवाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते आणि 1986 साली ते अभयारण्य झाले. ‘फणसाड अभयारण्य’ असे ठिकाण लिहिलेली नोंद 1986 च्या आधीची असूच शकत नाही, किंवा असली तर चिठ्ठी नंतर बदलली आहे. चिठ्ठीचे वय ठरवायला एवढा एक शब्द पुरतो.

एकाच कोळ्याची तीन नावे

स्वातंत्र्यानंतर या कामाचे केंद्र भारतात आले आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्रात झाला. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्रात काम केलेले आणि पुढे विभागाचे संचालक झालेले बी. के. टिकादार यांनी भारतीय कोळ्यांचा अभ्यास नव्याने उभा केला. 1981 साली ए. बाल यांच्यासह त्यांनी निओस्कोना आणि अरेनिअस या दोन वंशांवर 60 पानांचा निबंध लिहिला. 1982 साली ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतला चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्यांवरचा त्यांचा खंड निघाला. 1983 साली डी. बी. बास्तवडे यांच्यासह विंचवांचा खंड आला.

निओस्कोना आणि अरेनिअस एकाच निबंधात घेणे महत्त्वाचे होते. बागेत नेमके हेच दोन गट एकमेकांत मिसळतात. वर सांगितलेली उभी-आडवी खाच ही एक खूण. दुसरी एपिजाइनवरच्या जिभेसारख्या उंचवट्याची: निओस्कोनात तो बुडाशी जोडलेला आणि गुळगुळीत असतो, अरेनिअसमध्ये बहुधा वळ्या पडलेला आणि लवचिक. टिकादार यांच्या रेखाचित्रांत रंग नाही, कारण छपाई काळ्या शाईची. पण एपिजाइनची आकृती आहे आणि ओळख पटवण्यासाठी तीच उपयोगी पडते.

मिटिफिकस या काळात अरेनिअस वंशात होता. अरेनिअस हा वंश एव्हाना फार फुगला होता. कुठे बसवावे हे न कळलेल्या कित्येक जाती त्यात वर्षानुवर्षे पडून होत्या. 2021 साली तानिकावा, यामासाकी आणि पेचारद या जपान व थायलंडच्या अभ्यासकांनी काही आशियाई जाती त्यातून वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यासाठी बिजोअरेनिअस हा नवा वंश केला. मिटिफिकस ही त्या वंशाची मूळ आधारभूत जाती ठरली. अशा रीतीने 1886 मधली एपेइरा मिटिफिका, टिकादार यांच्या खंडातला अरेनिअस मिटिफिकस आणि आजचा बिजोअरेनिअस मिटिफिकस हा एकच प्राणी आहे.

हा प्रवास ओळखण्याची एक सोपी किल्ली शास्त्रीय नावाच्या लेखनातच आहे. जातीच्या नावापुढे लेखकाचे नाव आणि साल कंसात असेल, तर मूळ वर्णनानंतर वंश बदलला आहे असे समजावे. मिटिफिकसपुढे ‘(सायमन, 1886)’ असे कंसात लिहितात. ग्रेव्हलींच्या व्हिरिडिसोमसपुढे ‘ग्रेव्हली, 1921’ असे कंसाविना लिहिले जाते, म्हणजे ती जाती जन्मली त्याच वंशात आजही आहे. वंश अचूक ठरला म्हणून ती तिथे राहिली, की नव्याने तपासणी झाली नाही म्हणून, हे मूळ नमुना पुन्हा पाहिल्याशिवाय ठरणार नाही. भारतीय अरेनिअसच्या यादीतल्या पुष्कळ नावांना हेच लागू आहे.

पुराव्यांची प्रतवारी

आता हे सगळे कागद एकत्र ठेवून रायगड किनाऱ्यावरच्या एखाद्या हिरव्या कोळ्याबद्दल किती ठामपणे बोलता येते ते पाहू. इतिहासात जसे अस्सल पत्र, नक्कल आणि बखर यांचे वजन वेगवेगळे धरतात, तशीच प्रतवारी इथेही लावावी लागते.

सर्वांत वरच्या प्रतीचा पुरावा म्हणजे जपलेला प्रौढ नमुना, त्यासोबत ठिकाण, तारीख आणि संग्राहकाचे नाव असलेली चिठ्ठी, आणि एपिजाइन किंवा पाल्पची तपासणी. त्याच्या खाली येतो जिवंत कोळ्याचा असा फोटो-संच, ज्यात वरची बाजू, पोटाची बाजू, जाळे आणि बसण्याची जागा दिसते. मिटिफिकससारखी ठळक खूण असलेल्या जातीसाठी असा संच पुरेसा भरवशाचा ठरतो. जाळ्यातला रिकामा भाग आणि पानात शिरणारा धागाही त्यात दिसत असेल, तर खूण आणि वर्तन एकमेकांना दुजोरा देतात. तिसऱ्या प्रतीत वरून काढलेला एकच फोटो येतो. त्यावरून वंश सांगावा, जाती सांगण्याचा आग्रह धरू नये. शेवटच्या प्रतीत ‘हिरवा कोळी दिसला’ एवढीच नोंद येते. युरोपातल्या 148 वर्षांच्या सरमिसळीनंतर तिच्यावर जातीचे नाव लावण्याला आधार उरत नाही.

पिल्लांच्या बाबतीत वरच्या प्रतीही खाली येतात. अप्रौढ कोळ्यात एपिजाइन आणि पाल्प पूर्ण तयार झालेले नसतात, आणि जातीचा निर्णय तर त्यांवरच उभा असतो.

या प्रतवारीतून आजची खरी उणीव स्पष्ट होते. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांना रचना आहे, रंग नाही. मोबाईलमधल्या नव्या फोटोंना रंग आहे, रचना नाही. दोन्ही साक्षी अपुऱ्या आहेत आणि एकमेकींना पूरक आहेत. ज्या दिवशी एकाच कोळ्याचा जिवंतपणीचा फोटो, जाळ्याची नोंद आणि जपलेला नमुना एकत्र येतो, त्या दिवशी ओळख पक्की होते.

किहीमचा धडा

असे काम याच किनाऱ्यावर झाले आहे, मात्र कोळ्यांवर नव्हे. अलिबागजवळच्या किहीम गावी 1930 च्या पावसाळ्यात सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. एक नर अनेक घरटी बांधतो आणि एकामागून एक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांनी घरट्यागणिक नोंदी ठेवून दाखवले. 1931 साली तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. सुगरण पक्षी तोवर सर्वांना ठाऊक होता. नवे होते ते एका गावात, एका हंगामात, रोज लिहून ठेवलेले निरीक्षण. त्याच्या बळावर तो निबंध आजही आधार म्हणून वापरला जातो.

कोळ्यांसाठी किहीम, नागाव, चौल, कनकेश्वर किंवा फणसाड इथे हेच करता येईल, आणि त्याला फार साधने लागत नाहीत. दहापट दाखवणारे भिंग आणि वही एवढे पुरते. ज्यांच्या वाडीत हे कोळी आहेत त्या वाचकांना माझी विनंती आहे. हिरवा कोळी दिसला तर त्याचा वरून, पोटाखालून आणि समोरून असे तीन फोटो घ्या. जाळ्याचा वेगळा फोटो घ्या आणि ते उभे, तिरपे की आडवे हे लिहा. त्यात रिकामा भाग आहे का, धागा पानात जातो का, ते पाहा. झाड कोणते, जमिनीपासून उंची किती, वेळ कोणती, हे टिपा. गाव आणि तालुका पूर्ण लिहा, कारण जिल्ह्यांची नावे आणि सीमा बदलतात हे आपण पाहिले. अभयारण्यात परवानगीवाचून कोणताही जीव पकडू नका. नमुना गोळा करण्याचे काम संशोधन संस्थांवर सोपवा आणि तुमची नोंद त्यांच्यापर्यंत पोचवा.

आणि नावाची खात्री नसेल तर वंशापर्यंत येऊन थांबा. ‘निओस्कोना, जाती अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद पन्नास वर्षांनीही कामाला येईल. रंगावरून घाईने लिहिलेले पूर्ण नाव मात्र पुढच्या अभ्यासकाला आधी खोडावे लागेल, आणि मगच त्याचे काम सुरू होईल.